चित्रातल्या धाकटीचं कपाळ

चित्रात दोन बायका होत्या. एकीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं आणि दुसरीच्या कपाळावर काहीच नव्हतं. जिथे असायला हवं तिथे कागद फिकट पडलेला होता, इतकंच. त्या बोटभर जागेवरून मुलुंडच्या एका घराचं आणि दहिसरच्या एका घराचं बोलणं बंद झालं होतं, आणि ती जागा वाचून द्यायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याकडेच का आलं, हा संशय मला पहिल्या दिवसापासून होता.

मी तालुक्याच्या गावी शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. एम.ए.साठी मुंबईला आलो तेव्हा मुलुंडच्या काकांनी त्यांच्या बंगल्याची मागची खोली मला दिली. हे काका माझ्या नात्यातले नव्हेत. आमच्या गावाजवळच्या धरणाच्या कामावर ते इंजिनिअर होते. शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून आले आणि इतिहासाचं बक्षीस घेणाऱ्या मुलाला त्यांनी लक्षात ठेवलं. त्यांच्या घरी मी शिकलो, जेवलो, आजारी पडलो तेव्हा काकूंनी मला पेज करून घातली. हातात पुस्तक असलेल्या माणसाला हाक मारायची नाही, अशी त्या घरात रीत होती. ती रीत मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिली. पुढे घाटकोपरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो, भांडुपला खोली घेतली, तरी रविवारचं एक जेवण मुलुंडलाच व्हायचं.

ही ऐंशीनंतरची वर्षं. काका निवृत्त झाले होते आणि त्यांच्या आडनावाचा कुलवृत्तांत छापायला निघाला होता. ज्यांच्या घरी हा प्रकार नाही त्यांच्यासाठी सांगतो: एका आडनावाचे जेवढे भाऊबंद जगात असतील त्या सगळ्यांची ही छापील वंशावळ. कोण कोणाचा मुलगा, कुठे नोकरीला, कोणाची मुलगी कुठे दिली. निवृत्त माणसांची एक समिती असते आणि तिचे अध्यक्ष शेवटी शेवटी स्वतःच्या बायकोपेक्षा मयत पणजोबांशी जास्त बोलू लागतात. आमच्या घरात आजोबांच्या वडिलांचं नावही कोणाला सांगता येत नव्हतं. त्यामुळे मला या खटाटोपाचं अप्रूप वाटायचं आणि थोडा धाकही.

चित्र काकांच्या दिवाणखान्यात होतं. पेशवाईच्या अखेरच्या काळातलं, म्हणजे अठराव्या शतकाच्या शेवटाकडचं. जाड कागदावर रंगवून मागे कापड चिकटवलेलं. चितारी कोण, ठाऊक नाही. मधोमध घराण्याचा मूळ पुरुष, एका सरदाराच्या पदरी कारकुनी करत वर चढलेला. पांढरा अंगरखा, कमरेला कट्यार, लोडाला टेकून बसलेला. त्याच्या शेजारी गादीवरच थोरली बसलेली, मोठी नथ, मांडीवर मूल. गादीच्या खाली सतरंजीवर धाकटी, हातात विड्याचं तबक, गुडघ्याला रेलून उभा असलेला एक मुलगा. वर पिंजऱ्यात पोपट, खाली कुत्रा, पुढ्यात चिरलेलं डाळिंब, कोपऱ्यात समई. थोरलीच्या कपाळावरचं कुंकू इतकं रेखीव की चिताऱ्याने कालच टेकवलंय असं वाटावं. धाकटीचं कपाळ कोरं.

"आता तू वाच," काका म्हणाले. "कुलवृत्तांतात पहिलंच पान रंगीत चित्राचं आहे. शेजारी तुझं टिपण. या वस्तूंचा अर्थ काय, कोण कुठे का बसलंय, सगळं. कोरं कपाळ म्हणजे काय ते स्पष्ट लिही."

"तुमच्या मते काय?"

"माझं मत कशाला? उघड आहे. गादीवर बसली ती बायको. खाली बसून विडा देते ती नाटकशाळा."

नाटकशाळा म्हणजे तेव्हाच्या भाषेत ठेवलेली बाई. काकांची शाखा थोरलीच्या मुलापासून झालेली. धाकटीच्या मुलापासून झालेली एक शाखा होती आणि तिच्यात आता एकच घर उरलं होतं, दहिसरच्या बाईंचं. बाई म्युनिसिपालिटीच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. धाकटी लग्नाची बायको ठरली तर बाईंचे वडील, आजोबा, पणजोबा पुस्तकात येणार. नाटकशाळा ठरली तर त्या सगळ्या रांगेतलं एकही नाव छापलं जाणार नव्हतं. समितीने तसा ठरावच केला होता. बाकी कागदोपत्री पुरावा काही नव्हता. होतं ते हे चित्र.

मी मन लावून कामाला लागलो. युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात युरोपातल्या कौटुंबिक चित्रांवर एक जाड पुस्तक मिळालं. कुत्रा म्हणजे निष्ठा, फळ म्हणजे संतती, विझलेली मेणबत्ती म्हणजे मरण, असं त्यात ओळीने दिलेलं. आपल्या चित्रात मेणबत्ती नव्हती, पण बाकीचं बरंच होतं. पुढच्या रविवारी मी ते काकांना सांगितलं.

"कुत्रा म्हणजे निष्ठा," काकांनी मान डोलावली. "छान. पत्नीची निष्ठा."

"पण कुत्रा धाकटीच्या पायाशी बसलाय."

काकांनी चष्मा वर करून पाहिलं. "तो तबकाकडे बघतोय. खाण्याच्या आशेने."

"काका, कुत्रा विडा खात नाही."

"तेव्हाचे खात असतील," काका म्हणाले. आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला आणि लगेच बंद झाला.

पोपटाचंही तेच झालं. पिंजरा धाकटीच्या डोक्यावर होता, म्हणून तो काकांच्या लेखी ठेवलेपणाची खूण. डाळिंब थोरलीच्या बाजूला होतं, म्हणून ती वंशवृद्धी. डाळिंबाचा अर्धा भाग धाकटीकडेही होता, पण तो "नुसता पडलेला". मी जे जे सांगे ते काका स्वतःच्या बाजूने वळवून घेत आणि मग प्रसन्न होऊन म्हणत, "तुझी नजर आहे रे." चित्रकलेचा एवढा मोठा जाणकार मी नव्हतो. फोर्टातल्या संग्रहालयात तसे लोक होते, त्यांच्याकडे काका गेले असते. मी त्यांचं अन्न खाल्लेला होतो, म्हणून तर मला बोलावलं नसेल? संशय मनात आला आणि त्याची लाजही वाटली. लाज वाटली म्हणून काही तो गेला नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मी न सांगता दहिसरला गेलो. नदीच्या बाजूला एका जुन्या चाळीत बाईंचं घर. पोस्टातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान खिडकीत पेपर वाचत होते. मी कोण ते सांगितल्यावर बाईंनी मला शाळेत उशिरा आलेल्या मुलाकडे बघतात तसं पाहिलं.

"म्हणजे तुम्ही त्यांचे."

"कोणाचे?"

"मुलुंडवाल्यांचे. त्यांच्याकडे राहून शिकलात ना? सगळी माहिती आहे मला."

"अगं, त्यांच्याकडे जेवला म्हणून खोटंच लिहील असं कुठंय?" यजमान पेपरामागून म्हणाले. "आता आपले पोहेही खाईल तो."

"म्हणून तर देतेय," बाई म्हणाल्या आणि खरोखरच पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवली.

पोहे खाताना मी विचारलं, कपाळ कोरं का आहे असं त्यांना वाटतं. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "खरवडलंय. माझे वडील लहानपणी मूळ घरी जायचे तेव्हा चित्र माजघरात असायचं. ते सांगायचे, आपल्या मूळ आजीच्या कपाळावर कुंकू आहे, लालभडक, मी डोळ्यांनी पाहिलंय. मग ते गेलं कुठं? थोरलीचं कसं राहिलं? रंग काय माणूस बघून उडतो?"

मी ते वहीत टिपून घेतलं.

"हे बघा," बाई जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला त्यांचं चित्र नको, घर नको. वडील गणपतीला मूळ घरी जायचे तेव्हा त्यांचं पान पंगतीच्या टोकाला मांडायचे. अगदी टोकाला, दाराशी. घरी येऊन बोलायचे नाहीत, पण आम्हाला कळायचं. तरी पंगतीत होते ना ते? वाढत होते ना त्यांना? आता हे लोक पुस्तकातून उठवताहेत. वडील छापले पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं. त्यांचं आडनाव त्यांनी कोणाकडून उसनं नाही आणलं."

"छापून आले तरी ते वाचणार आहेत का आता," यजमान म्हणाले.

"मी वाचीन," बाई म्हणाल्या.

परतताना माझा संशय दुप्पट झाला होता. वडिलांनी कुंकू पाहिलं असेल तर ते नंतर कोणीतरी काढलं. पण मुलाची आठवण आणि मुलीचा हट्ट यांवर किती भरवसा ठेवायचा? मी बाईंकडे गेल्याचं काकांना कळलंच. कसं कळलं ते मला आजवर कळलेलं नाही. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तिनं सांगितलं असेल, आम्ही खरवडलं म्हणून. चिताऱ्यानं ते मुळातच कोरं ठेवलंय; पण खरवडलेलं असलंच, तर हेही विचारायचं होतंस. समितीच्या पहिल्या बैठकीला ती आली होती. आम्ही सगळे वर गच्चीवर जेवत होतो आणि ही बया खाली चित्रापाशी एकटी होती. डोकं दुखतंय म्हणाली."

"पण आपल्याच मूळ आजीचं कुंकू ती कशाला पुसेल?"

"आमच्यावर आळ घ्यायला," काका म्हणाले. हे ते शांतपणे म्हणाले आणि त्यांचा त्यावर विश्वास होता. तेव्हापासून मला ते दोघंही संशयित वाटू लागले, आणि चित्रासमोर उभा राहिलो की मीच तिथे चोरासारखा उभा आहे असं वाटे.

गौरी-गणपती उरकले आणि चित्राचा फोटो काढायला घाटकोपरच्या स्टुडिओतला फोटोग्राफर आला. काच चमकते म्हणून त्याने चित्र भिंतीवरून उतरवलं. काच काढण्याआधी तो बोटाने काही खरवडू लागला.

"साहेब, काचेवर कोणीतरी टिकली लावलीय."

टिकली नव्हती. काचेच्या बाहेरच्या अंगाला तांबूस, पुसट डाग होता. त्याने तो फडक्याने पुसून टाकला. मी सहज मागे पाहिलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. माझी नजर जाताच त्या आत गेल्या.

काच निघाल्यावर मी भिंग घेऊन धाकटीच्या कपाळावर वाकलो. काकांचा समज होता की चिताऱ्याने कपाळ मुळातच कोरं ठेवलं. तसं अजिबात नव्हतं. रंगाचा थर तिथे नाहीसा झाला होता आणि कागदाचे बारीक तंतू वर आले होते. म्हणजे कुंकू होतं आणि ते गेलं होतं. बाईंच्या वडिलांची आठवण खरी ठरत होती. पुसलेली जागा वाटोळी, बोटाच्या पेराएवढी. तिच्या कडेला पिवळट छटा होती, ती मला जुन्या गोंदाची वाटली. थोरलीच्या कपाळाला मात्र धुळीखेरीज कशाचाही स्पर्श नव्हता.

मी मान वर केली तर काका माझ्याकडेच बघत होते. "काय दिसलं?"

"खराब झालंय," मी म्हणालो. एवढंच बोलायची हिंमत झाली.

"झुरळं," काका म्हणाले. "जुन्या घरात झुरळं फार होती."

पेराएवढं वाटोळं खाऊन बाकी चित्राला तोंड न लावणारं झुरळ कुठलं, हे मी विचारलं नाही. त्या रात्री मी टिपणाचा मजकूर तीनदा लिहिला आणि फाडला. कपाळ पुसलं गेलंय असं लिहिलं की कोणी पुसलं हा प्रश्न येणार, आणि चित्र पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या घरात होतं ते सगळ्यांना माहीत होतं. ज्या माणसाने मला शिकवलं त्याच्या घराण्यावर मी छापील आळ घेणार होतो. न लिहावं तर दहिसरच्या बाईंचे वडील दाराशी मांडलेल्या पानावरून उठणार होते.

पितृपक्षातल्या नवमीला काकांनी मला बोलावलं. जेवायलाही आणि टिपण घेऊनही. या नवमीला अविधवा नवमी म्हणतात. घरातली जी बाई नवऱ्याच्या आधी, कुंकवासकट गेली तिच्या नावाचं त्या दिवशी पान वाढतात आणि एका सवाष्णीला जेवू घालून ओटी भरतात. काकांची आई तशी गेली होती, त्यामुळे त्या घरात नवमी कधी चुकत नसे. मी शिकायला होतो तेव्हा या दिवशी मला मागच्या खोलीतच वडे आणि खीर पोचायची. घरात काय चालतं ते मी कधी पाहिलं नव्हतं.

मी सकाळी जरा लवकर पोचलो. काका आत देवापाशी होते. दिवाणखान्यात चित्र पुन्हा भिंतीवर लागलं होतं. जवळ गेलो तर धाकटीच्या कपाळावर, काचेवर, ओलं हळद-कुंकू. अजून ओघळायचं होतं इतकं ताजं.

पहिला विचार मनात आला तो हाच, की माझ्यासाठी हे कोणीतरी मुद्दाम लावून ठेवलंय. आज टिपण द्यायचं आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात काकू आल्या. त्यांच्या अनामिकेचं पेर तांबडं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काचेकडे.

"तुला दहिसरहून काही सांगून धाडलंय का?" त्यांनी विचारलं.

"मला? काय?"

"मग फोटो काढायच्या दिवशी बरोबर तेवढंच कसं पुसलंत?"

म्हणजे मी ज्यांच्यावर संशय घेत होतो त्या माझ्यावर घेत होत्या. मी सांगितलं की फोटोग्राफरने पुसलं, मला काहीही ठाऊक नाही. त्यांनी काही वेळ माझा चेहरा पाहिला. आजारपणात ताप बघायच्या तसा. मग म्हणाल्या, "आम्ही लावतो हिला. गौरीला आणि नवमीला. सासूबाई लावायच्या, त्यांच्या सासूबाई लावायच्या. काच सासऱ्यांनी बसवली. त्याआधी कागदावरच लावायचे आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसायचे. नाहीतर मुंग्या लागतात."

"आणि थोरलीला?"

"तिला कशाला? ती नवऱ्यामागं राहिली बरीच वर्षं. नवमी अहेव गेलेलीची असते. ही गेली आधी. बाळंतपणात म्हणतात."

मी परत काचेकडे पाहिलं आणि मला आमच्या गावच्या देव्हाऱ्यातले टाक आठवले. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेल्या देवांच्या आणि पूर्वजांच्या प्रतिमा. आई त्यांना रांगोळीने घासायची, वर्षानुवर्षं, आणि ज्याला जास्त मान त्याचे नाक-डोळे सगळ्यात आधी सपाट व्हायचे. आमच्या खंडोबाला तर चेहराच उरला नव्हता. तो कोणी विद्रूप केला असं लहानपणीही माझ्या मनात आलं नव्हतं. इथे मात्र मी जाड पुस्तकातून कुत्रे आणि पोपट हुडकत बसलो, आणि बोटाच्या पेराएवढी, हळदीने पिवळी झालेली जागा भिंगातून बघून मला सुरी आठवली.

"काकू, हे काकांना माहीत नाही?"

"पहाटे लावून होतं, यांच्या आंघोळीच्या आधी. चित्र माजघरात होतं तेव्हा पुरुष तिकडे फिरकायचेसुद्धा नाहीत."

"पण तुम्हाला माहीत होतं, दहिसरच्या बाईंचं सगळं यावर अडलंय."

त्यांनी पदराला बोट पुसलं. "माहीत होतं. सांगितलं की समितीपुढे जाणार, समिती ठराव करणार की असल्या प्रथा बंद. मग मी काय करायचं? आणि तुझा तरी भरवसा काय होता? त्यांनी म्हटलं कुत्रा विडा खातो, तर तू दोन रविवारांनी तेही लिहून आणलं असतंस."



"म्हणून माझ्या पद्धतीनं केलंय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांची पद्धत काय ती थोड्या वेळाने कळली. फाटकाशी रिक्षा थांबली आणि दहिसरच्या बाई उतरल्या. मागून यजमान. बाई नऊवारी नेसून, मोठं कुंकू लावून आल्या होत्या आणि बोलावण्यामागे डाव असणार अशा चेहऱ्याने एक एक पायरी चढत होत्या. त्या दारात आल्या त्याच वेळी काका सोवळं नेसून आतून बाहेर आले. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले.

"आजची सवाष्ण," काकू म्हणाल्या. मग बाईंकडे वळून, रोजच्याच आवाजात, "वन्सं, या. पाय धुवायला पाणी ठेवलंय."

वन्सं म्हणजे नणंद, नवऱ्याच्या घरची मुलगी. बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे.

"हे तू शिकवलंस?"

"नाही काका," मी म्हणालो, आणि मग जे पाहिलं ते सांगितलं. चित्रापाशी नेऊन सांगितलं. कपाळ कोणी खरवडलेलं नाही, हे ऐकून बाई काहीतरी बोलायला गेल्या, तेव्हा यजमानांनी त्यांच्या कोपराला हात लावला. कपाळ कोरं ठेवलेलंही नाही, झुरळंही नाहीत. लावून लावून आणि पुसून पुसून रंग गेला. थोरलीला कोणी लावलं नाही, म्हणून तिचा राहिला. बाईंच्या वडिलांनी लालभडक पाहिलं ते रंगाचं नसणार, घरातल्या बायकांनी लावलेलं असणार.

काकांनी भिंग मागून घेतलं. बराच वेळ काचेवर वाकून ते पाहत राहिले. श्वासाने काच धूसर झाली, ती त्यांनी उपरण्याने पुसली, कुंकवाला धक्का न लावता. मग सरळ झाले.

"बायकांची रीत म्हणजे पुरावा होत नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. "नवमीला या घरात पानं किती वाढतात?"

"दोन."

"एक सासूबाईंचं. दुसरं कोणाचं?"

काका अडखळले. "ते जुनं कोणीतरी आहे. आईच्याही आधीपासूनचं."

"दर वर्षी तुम्हीच पाणी सोडता त्या पानाला. नाटकशाळेचं पान मांडतात का नवमीला? मांडलं असतं तुमच्या आजोबांनी?"

आत कढईत वडे तळल्याचा वास भरला होता. काका चित्राकडे बघत होते, पण आता भिंगाशिवाय. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं पाहिलेला, आणि तरी त्यांना काय वाटतंय हे मला सांगता येईना. धरणाच्या भिंतीत चीर सापडली तर ते असेच उभे राहत असतील, असं मनात आलं.

"मग ती खाली का बसलीय?" त्यांनी विचारलं. आवाजात आता वाद नव्हता. "गादीवर का नाही?"

"धाकटी आहे ती," बाई पहिल्यांदाच बोलल्या. "थोरल्या जावेपुढे नि सवतीपुढे धाकटी गादीवर बसते का? तुमच्या घरात बसली असती का कोणी?"

"पानं वाढा," काका काकूंना म्हणाले, "उशीर झालाय." आणि त्या दुसऱ्या पानाला पाणी सोडताना त्यांचा हात जरा वेळ तसाच राहिला, हे बाईंनी पाहिलं. मीही पाहिलं.

बाईंचं पान कुठे मांडलं होतं हेही सांगायला हवं. मधोमध, भिंतीकडे पाठ करून. त्या बसल्या, पण पहिला घास घेण्याआधी त्यांनी दारापासूनचं अंतर एकदा डोळ्यांनी मोजलं. जेवताना यजमान म्हणाले, "वडे झकास झालेत. मुलुंडवाल्यांच्या वड्यांत काही खोट नाही हं." बाई म्हणाल्या, "गप्प जेवा."

कुलवृत्तांत दिवाळीनंतर आला. बाईंची शाखा त्यात होती, "धाकटी पाती" या मथळ्याखाली, वडिलांच्या नावासह. समितीत काकांनी काय सांगितलं, किती जणांशी भांडले, ते मला कळलं नाही. माझं टिपणही जसंच्या तसं होतं. फिकट जागा, हळदीची छटा, दुसरं पान, सगळं. पण चित्राचं पान उघडलं आणि मी थबकलो. छापलेल्या चित्रात धाकटीच्या कपाळावर कुंकू होतं. थोरलीसारखंच रेखीव. शेजारी मी लिहिलं होतं की कपाळ कोरं आहे, आणि चित्रात ते कोरं नव्हतं.

मी छापखान्यात गेलो. ते म्हणाले, फोटोच तसा आला. फोटोग्राफर म्हणाला, घरून निरोप होता की तेवढं रंगवून दे. घरून कोणाचा, ते त्याला आठवेना, बाईमाणसाचा आवाज की पुरुषाचा तेही नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "छापखान्याचा आगाऊपणा." काकू म्हणाल्या, "मी कशाला सांगू? मी काचेवर लावते." दोघांचीही नजर मला सरळ वाटली आणि दोघांवरही माझा विश्वास बसला नाही. बाईंना विचारायला दहिसरला गेलो, तर त्यांना वाटत होतं की मीच सांगितलं. "मनासारखं केलंत," त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं, तर यजमान हसले. "पोहे लागू पडले म्हणायचे."

नंतरच्या वर्षांत नवमीचं बोलावणं बाईंना मुलुंडहून नेमाने जाई. काही वर्षांनी यजमान गेले. मग सवाष्ण म्हणून जायचं थांबलं. तेव्हा नवमीच्या दिवशी मी दहिसरला जाऊ लागलो, बाईंना सोबत म्हणून. त्या पुस्तक काढायच्या, चित्राचं पान उघडून पाटावर ठेवायच्या. स्वतःच्या कपाळाला न लावता त्या अनामिकेने छापलेल्या धाकटीला हळद-कुंकू लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने टिपून घ्यायच्या.

त्यांची ती प्रत आता माझ्याकडे आहे. गुळगुळीत कागदावरची शाई तेवढ्या जागी निघून गेलीय आणि खालून पांढरा कागद दिसतो, कडेला पिवळट. थोरलीचं कुंकू अजून जसंच्या तसं आहे. माझ्यामागे हे पुस्तक कोणाच्या हाती लागेल, ठाऊक नाही. शिकलेला माणूस असेल तर पहिली शंका त्याला हीच येईल, की या बाईचं कपाळ कोणीतरी खरवडलंय. म्हणून हे लिहून त्या पानात ठेवतोय.